भागरता उभी राहिली त्या वर्षी

तळ्यावर धुकं उतरलं होतं. समोरच्या काठाची पाळ दिसत नव्हती. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, तेही कळत नव्हतं. मी मोहाच्या झाडाखाली शेकोटी पेटवून पोत्यावर बसलो होतो. धुक्यातून आधी बांगड्या वाजल्या, मग चहाचा गिलास दिसला, आणि मग तो गिलास धरून आलेली माझी बायको, भागरता.

चहा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "मी उभी राह्यतो."

मला वाटलं, ओल्या गवतावर बसवत नसेल. मी पोत्यावर थोडा सरकलो. "बस ना इथं. जागा आहे."

"बसाचं नाही म्हनून तं सांगतो. निवडणुकीले उभी राह्यतो मी. ग्रामपंचायतीच्या."

धुक्यात कुठंतरी अडया बदकं शीळ घालत उडाली. चहाचा घोट तोंडात धरून मी तसाच बसून राहिलो. मला अजून वाटत होतं की मी जागा नाही. रात्रभर तळं राखणाऱ्या माणसाला पहाटे असे भास होतात. कधी पाण्यावरून कुणी चालत येतं, कधी मेलेला बाप नाव घेऊन हाक मारतो. पण धुकं विरलं तरी भागरता तिथंच उभी होती, पदर कानाभोवती घट्ट ओढून.

"काऊन?" मी विचारलं.

"बसून बसून पाय भरून आले," ती म्हणाली आणि रिकामा गिलास घेऊन गेली.

आमचं मोहझरी भंडाऱ्याकडचं, तळ्याकाठचं गाव. एका अंगाला पाटलाची आळी, तिथं कौलारू घरं आणि धानाच्या कोठ्या. दुसऱ्या अंगाला आम्हा ढिवरांची टोली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे लोक. माझ्या आज्याच्या वेळी तळ्यात कुणीही जाळं टाकायचं. मग तळं ग्रामपंचायतीकडे गेलं आणि दरसाल त्याचा ठेका निघू लागला. ठेका तालुक्याचा एक माणूस घ्यायचा. टोलीच्या माणसांना त्याच्या हाताखाली मजुरीनं जाळी ओढावी लागायची. बायकांना तर पाण्यात उतरायचीही बंदी होती. काठावरचे शिंगाडे तेवढे त्यांच्या वाट्याला यायचे. आणि ही बंदी पाळली जाते की नाही हे पाहायला ठेकेदारानं ज्या ढिवराला राखणदार ठेवलं होतं, तो मी, सुकराम नान्हे.

टोली आणि पाटलाची आळी मिळून आमचा एकच वॉर्ड. त्या वर्षी त्या वॉर्डातली जागा पहिल्यांदा बाईसाठी राखीव झाली होती आणि सरपंचाची खुर्चीही बाईचीच होती. खुर्चीत कोण बसणार हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. तुळशीराम पाटलाची बायको सत्यभामाबाई. त्या सही करणार, कारभार पाटील बघणार. आमच्या वॉर्डातून त्यांचा एकटीचा अर्ज गेला की बिनविरोध, गुलाल, संपलं. सत्यभामाबाईंना टोलीतल्या कित्येकांनी नीट पाहिलंही नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या घराच्या गच्चीवर एक पांढरट लुगडं दिसायचं, कठड्याला टेकून तळ्याकडे बघणारं. तेवढीच त्यांची ओळख.

आणि भागरतानं कुणाला न विचारता तालुक्याला जाऊन अर्ज भरून टाकला.

गावात कळलं त्या दिवसापासून लोक तिला एकच विचारायचे, काऊन? ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. शेजारणीला म्हणाली, पंचायतीच्या हापिसात बायकांना दाराबाहेर भुईवर बसवतात, ते मला आवडत नाही. पोस्टमनला म्हणाली, कागदावर आपलं नाव छापून आलेलं पाहायचं आहे. मला काहीच म्हणाली नाही. मी चिडलो, विनवलं, दोन दिवस जेवलो नाही. ठेकेदाराच्या मुकादमानं येऊन सांगितलं, "सुकराम, बायकोला आवर, नाहीतर उद्यापासून तळ्यावर येऊ नको." टोलीतली अर्धी माणसं पाटलाच्या शेतावर धान कापायला जायची. त्यांचेही चेहरे उतरले होते.

पाटलानं आम्हा दोघांना बोलावलं. तुळशीराम पाटील कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्यानं आम्हाला ओसरीवर सतरंजीवर बसवलं, चहा दिला.

"भागरता," तो म्हणाला, "मोहझरीत आजवर निवडणूक झाली नाही. भांडण नको म्हनून नाही झाली. तुले काय पाह्यजे ते मले सांग. टोलीत नळ पाह्यजे? देतो आनून. पन बिनविरोध होऊ दे."

"पाटीलबुवा, मी विचार करतो जी," भागरता म्हणाली.

आतल्या दाराच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. जोडवी घातलेली, गोरी, आणि अगदी स्थिर. भागरता सारखी त्या पावलांकडे बघत होती.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी पाटलाची जीप टोलीत आली. पाटलाचा पुतण्या शालिक आम्हाला तालुक्याला न्यायला आला होता. भागरता मुकाट्यानं जीपमध्ये बसली. मला हायसं वाटलं. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती, कापलेल्या धानाची खाचरं मागं पळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या पोरीसारखं काहीतरी होतं.

तहसील कचेरीच्या आवारात मोठी चिंच होती. तिच्याखाली पेपरवाले, वकील, शेंगदाणेवाले बसले होते. शालिक म्हणाला, "साहेब जेवायले गेले आहेत. आले की सही करून टाकू. बसा तुमी." आणि तो पान खायला गेला.

भागरता चिंचेच्या मुळावर डोकं ठेवून आडवी झाली आणि झोपली.

आमच्या लग्नाला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, पण मी तिला उजेडात झोपलेली कधी पाहिली नव्हती. मी तळ्यावरून यायचो तेव्हा ती उठून कामाला लागलेली असायची. मी झोपायचो तेव्हा ती जागी असायची. आता चिंचेच्या पानांतून ऊन तिच्या चेहऱ्यावर हलत होतं. तोंड थोडं उघडं होतं. कपाळावरची आठी, जी मला जन्मजात वाटायची, ती पार गेली होती. ही कोण बाई आहे, असं क्षणभर मला वाटलं. आवारातला सगळा गलका लांब गेल्यासारखा झाला. तहसीलचं छप्पर, झाडावरचे पोपट, लोकांच्या हातांतले कागद, सारं पाण्याखालून दिसावं तसं मंद हलत होतं.

शालिक धावत आला. "काका, साहेब आले. उठवा काकूले. मुदत संपून राह्यली."

मी भागरताच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"झोपू दे," मी म्हणालो.

"काय म्हनून राह्यले तुमी?"

"पोरा, दमली आहे ती. झोपू दे."

शालिक माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तिला दोन हाका मारल्या. पण परक्या बाईला हात लावून उठवायची त्याची छाती झाली नाही. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. चिंचेची सावली लांब झाली. कचेरीतल्या शिपायानं दार ओढून घेतलं तेव्हा भागरता उठून बसली आणि म्हणाली, "चाला, घरी जाऊ."

जीप आम्हाला न घेताच गेली. आम्ही एसटीनं आलो. दुसऱ्या दिवशी माझी राखणदारी सुटली.

भागरताला चिन्ह मिळालं विमान, सत्यभामाबाईंना छत्री. टोलीत कुणी रेल्वेतसुद्धा बसलं नव्हतं. भागरतानं चुन्यानं आमच्या भिंतीवर विमान काढलं. ते मरळ माशासारखं दिसत होतं, पण बायकांना आवडलं. मग दुसऱ्या भिंतीवर निघालं, तिसऱ्या भिंतीवर निघालं. संध्याकाळी बायका अंगणात जमायच्या आणि विमानात बसून कोण कुठं जाईल ते बोलायच्या. एकीला माहेरी जायचं होतं. एकीला कुठं जायचं नव्हतं, नुसतं वरून आपलं घर बघायचं होतं. प्रचार म्हणतात तो एवढाच. बाकी आमच्याजवळ ना गाडी होती ना भोंगा.

निवडणूक लागली म्हटल्यावर सत्यभामाबाईंना घराबाहेर पडणं भाग होतं. पाटील त्यांना घेऊन टोलीत आला. सोबत दहा-पंधरा माणसं. बाईंच्या डोईवर पदर, हात जोडलेले, मान खाली. बोलायची ती माणसंच. "छत्रीवर शिक्का मारा, बाईले निवडून द्या." बाई नुसत्या एका दारातून दुसऱ्या दारात नेल्या जात होत्या.

आमच्या घरापाशी आल्यावर सगळे पुढं निघाले. विमान काढलेल्या दारात कशाला थांबायचं? पण बाई थांबल्या. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"इथंबी मत आहे ना?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की माणसं गोंधळली.

"आहे ना जी," भागरता दारातूनच म्हणाली. "दोन आहेत."

बाई उंबऱ्यापाशी आल्या आणि हात जोडले. "मले मत देजो."

माणसांमध्ये हशा पिकला. पाटलाचा चेहरा कसनुसा झाला. भागरता मात्र हसली नाही. तिनं आत जाऊन गडवाभर पाणी आणलं. सत्यभामाबाईंनी तो गडवा दोन्ही हातांनी घेतला आणि उन्हातान्हातून आल्यासारख्या घटाघट प्याल्या. पाटील खाकरला. टोलीतल्या घरचं पाणी त्या आळीतल्या कुणी पिताना आम्ही पाहिलं नव्हतं.

"मत तं माह्यं मलेच पाह्यजे," भागरता म्हणाली, "पन तुमी आल्या, हे लय झालं."

दोन-तीन दिवस गेले. भर दुपारची वेळ होती. गावातली माणसं खळ्यावर होती, आळ्या ओस होत्या. भागरता काठाला शिंगाडे धुत होती. मी माझा डोंगा, लाकडी होडी, उलटा घालून त्याच्या फटीत डांबर भरत होतो. ठेक्याच्या पाण्यात तो घालायची मला आता सोय नव्हती, पण हात रिकामे राहत नाहीत. पाळीवरून कुणीतरी एकटंच येताना दिसलं. पांढरट लुगडं. मी उठून उभा राहिलो.

सत्यभामाबाई आमच्याजवळ येऊन थांबल्या. पळत आल्यासारखा श्वास लागला होता.

"भागरता," त्या म्हणाल्या, "मले पान्यावर नेशील का वं?"

"आता?"

"आता सारे खळ्यावर गेले. मंग होनार नाही."

भागरतानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. पाण्यात डोंगा घातलेला दिसला असता तर मुकादमानं फोडून टाकला असता, आणि ह्या बाईंना काही झालं असतं तर गावानं मला फोडलं असतं. पण दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी डोंगा सरळ केला.

मी मागं उभा राहून बांबू टेकत होतो. दोघी समोरासमोर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागत होता. हिवाळ्यातलं ऊन कोवळं होतं. काठ मागं गेला, आवाज मागं गेले. कमळाची पानं डोंग्याच्या अंगाला घासत होती आणि उलटी होऊन तांबडी दिसत होती. लांबून आलेले पक्षी पाण्यावर थवे करून बसले होते. आम्ही जवळ गेलो तरी उडाले नाहीत, नुसते बाजूला झाले. सत्यभामाबाईंनी डोंग्याची कड घट्ट धरली होती. मग एक हात सुटला. मग त्या हाताची बोटं पाण्यात गेली.

"गार आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तळ्याच्या मध्यावर मी बांबू वर घेतला. तिथं तो तळाला लागत नाही. डोंगा आपोआप हळूहळू फिरत राहिला, आणि फिरता फिरता गाव समोर आलं.

"ते माह्यं घर?" बाईंनी विचारलं.

"हो ना जी. तेच."

"एवढुसं?"

भागरतानंही वळून गावाकडे पाहिलं.

"लग्न होऊन आली तवापासून त्या गच्चीवरून हे तळं पाह्यतो मी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वाटे, पान्यातून आपलं घर लय मोठं दिसत असन." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्या बाया मासे नाही धरत? लहानपनी माह्या माहेरच्या ढिवरनी तं धरत होत्या."

"तळं ठेकेदाराचं आहे जी. आमाले उतरू देत नाही."

"कोन नाही देत?"

भागरतानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "हे राखत होते."

बाई मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. राग नव्हता त्यात. लहान मुलाला एखादी गोष्ट कळत नाही तेव्हा ते जसं बघतं, तसं. मी नजर पाण्याकडे नेली.

"ठेका कोन देते?"

"ग्रामपंचायत देते," भागरता म्हणाली. "सरपंच."

डोंगा पुन्हा फिरला. गाव बाजूला गेलं, समोर नुसतं पाणी आलं आणि त्याच्यापलीकडे निळसर जंगल.

"मी उभी नाही राह्यली वं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मले उभं केलं. कागदावर माही सही घेतली तवा मले कळलं."

"मी तं उभी राह्यली," भागरता म्हणाली. "म्हनून तुमाले दारोदार फिरा लागलं. राग नका धरू जी."

बाईंनी ओली बोटं लुगड्याला पुसली. मग म्हणाल्या, "तुह्या घरचं पानी गोड होतं."

मी त्यांना पलीकडच्या पाळीला, झाडीत उतरवलं. लुगड्याचा काठ ओला झाला होता. तो पिळत पिळत त्या निघून गेल्या.

त्यानंतर त्या टोलीत एकट्याच येऊ लागल्या. पाटलाला काय सांगून यायच्या, माहीत नाही. मत मागायला जाते म्हटलं की कोण अडवणार? आमच्याच बायकांनी आधी दारं लोटून घेतली. मग उघडली. बाई भुईवर बसायच्या. कुणाचं लेकरू आजारी आहे, कुणाच्या घरात पुराचं पाणी शिरतं, सगळं ऐकून घ्यायच्या आणि उठताना लाजत म्हणायच्या, "मत देजो." कुणाला तरी काहीतरी मागायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मागताना त्यांचे कान लाल व्हायचे.

एकदा मी पाहिलं तर आमच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात त्या बसलेल्या, आणि विमानात बसून कोण कुठं जाईल याच्या गप्पा चाललेल्या. कुणीतरी त्यांना विचारलं, "तुमी कुठं जासान जी?" बाईंनी खूप विचार केला. "मी तं झाली जाऊन," त्या म्हणाल्या, आणि भागरताकडे बघून हसल्या.

त्या संध्याकाळी मी भागरताला म्हणालो, "तू आपल्या हातानं आपली मतं वाटून राह्यली. अर्धी टोली तिच्याकडं गेली. राखणदारी गेली, आता निवडणूकही जाईल."

ती चूल फुंकत होती. "जाऊ दे ना," म्हणाली. "बाई आहे का वाईट?"

"वाईट नाही म्हनून तं सांगतो!"

तसंच झालं. मतदानाच्या दिवशी शाळेपुढं रांग लागली. मोहझरीतली पहिलीच रांग. म्हाताऱ्या माणसांनी धुतलेली धोतरं नेसली होती. बायका बोटाची शाई एकमेकींना दाखवत होत्या. मतमोजणीत भागरता हरली. फार नाही, पण हरलीच. टोलीतली बरीच मतं छत्रीला गेली होती. गंमत अशी, की पाटलाच्या आळीतली काही मतं विमानाला पडली होती. ती कुणी टाकली ते आजवर कळलं नाही. ह्या दोघींनी एकमेकींना मत दिलं असंही टोलीत बोलतात, पण ते खोटं आहे. भागरतानं आपलं मत आपल्यालाच दिलं होतं. तिनंच मला सांगितलं.

निकाल ऐकून ती पाळीवर जाऊन बसली. मी थोडा वेळ लांब थांबलो, मग जवळ गेलो. ती रडत होती. अगदी मोकळी, पोरीसारखी, नाक ओढत. गावात डफडी वाजत होती.

"मले जिंकाचं होतं," ती म्हणाली. "लय जिंकाचं होतं."

मी तिच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो?

उन्हाळ्याच्या तोंडी ग्रामसभा लागली, तळ्याच्या ठेक्याची. हापिसापुढं मांडव घातला होता. ठेकेदार तालुक्याहून आला होता, पांढरे कपडे, पायात नवी चप्पल. मांडवात समोर टेबल, मधल्या खुर्चीत सरपंच सत्यभामाबाई आणि त्यांच्या लगत दुसऱ्या खुर्चीत पाटील. आम्ही मागं, टोलीचे सगळे. बायका सवयीनं मांडवाबाहेर भुईवर बसल्या.

ग्रामसेवकानं वाचून दाखवलं, मागच्या साली ठेका कुणाला होता वगैरे. पाटील म्हणाला, "यंदाबी त्याइलेच देऊन टाकू. कोनाची हरकत नसन." माणसांनी माना हलवल्या. कागद सहीसाठी बाईंच्या पुढं सरकवला गेला.

बाई काहीतरी बोलल्या. कुणाला ऐकू आलं नाही.

"काय म्हनता?" ग्रामसेवक वाकला.

त्या पुन्हा बोलल्या. पुन्हा कुणाला कळलं नाही. पाटील त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "सही कर, सही." तशा त्या खुर्चीतून उठल्या. पदर सावरला. त्यांचे कान लाल झाले होते, ते मला इतक्या लांबून दिसत होते.

"बाया भाईर काऊन बसल्या?" त्या म्हणाल्या. "त्याइले अंदर घ्या. मंग सही करतो."

कुणी हलेना. मग भागरता उठली आणि आत आली. तिच्यामागं शेजारीण, तिच्यामागं दुसरी. माणसांना सरकून जागा द्यावी लागली. सगळ्या आत येईपर्यंत बाई उभ्याच होत्या.

"आता इचारा," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "हरकत आहे का म्हनून."

"हरकत आहे जी," भागरता म्हणाली. तिचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला. "तळं आमाले द्या. टोलीच्या बायाइले. ठेकेदार देते तेवढं आमी देतो."

ठेकेदार हसला. "बायका तळं घेणार? आणि जाळी कोण ओढणार?"

"आतापावतर कोन ओढत होतं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाटील म्हणाला, "घरी बोलू आपन हे."

"घरी तळं नाही," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी काय काय झालं, कोण चिडून उठून गेलं, पाटलानं किती दिवस अबोला धरला, ते सगळं सांगत बसत नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा बायकांचे हात एकदम वर झाले. मग टोलीतल्या पुरुषांचे. मग, हळूच, आळीतल्याही दोघाचौघांचे. ग्रामसेवकानं घाम पुसत ठराव लिहिला. बाईंनी त्याखाली आपलं नाव लिहिलं. अक्षर अक्षर जुळवून, वेळ लावून. सगळा मांडव त्यांच्या हाताकडे बघत होता.

घरी परतताना ऊन कललं होतं. बायका पुढं गलका करत चालल्या होत्या. भागरता मागं राहिली होती, माझ्याबरोबर. रस्त्यावर मोहाची फुलं सांडली होती, सगळीकडे तो गोड, जड वास होता. डोकं हलकं होऊन चालतच राहावं असं वाटत होतं.

"आता तरी सांग," मी म्हणालो. "तू काऊन उभी राह्यली होती?"

तिनं वाकून मोहाचं एक फूल उचललं.

"सत्यभामाबाई बिनविरोध आली असती," ती म्हणाली, "तं कोनाच्या दारी गेली असती का? तिले आपल्या घराची वाट तरी माहीत झाली असती? कोनी उभं राह्यलं तं मागाले या लागते. मागाले आली की बसा लागते. बसली की आयका लागते." मग चटकन म्हणाली, "पन हे सारं मले आधी नव्हतं माहीत. आधी तं मले जिंकाचंच होतं. हे मले तिनं गडवा तोंडाले लावला तवा समजलं."

टोलीची पहिली घरं दिसू लागली. मी विचारलं, "पुढच्या खेपी राह्यशील उभी?"

"राह्यीन ना."

"कोनाच्या इरोधात?"

"तिच्याच."

"सत्यभामाबाईच्या? अवं, ते तं आता आपली झाली!"

"आपली झाली म्हनून काय झालं?" भागरता रस्त्यात थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मलाच राजकारण कळत नाही. "तिले मत मागाले नाही या लागत का?"

आरक्षण फिरत फिरत पुन्हा बायकांकडे आलं तेव्हा ती खरोखर उभी राहिली. समोर सत्यभामाबाईच. तोवर दोघींच्याही केसांत पांढरं आलं होतं. त्या वेळी भागरता निवडून आली. पण माझ्या डोळ्यांपुढं निकाल येत नाही, त्याच्या आधीची एक दुपार येते. दोघी एकाच दिवशी टोलीत मत मागत फिरत होत्या, एक या टोकानं, एक त्या टोकानं. शेवटच्या घरी दोघींची गाठ पडली. त्या घरची म्हातारी दाराशी उभी राहून दोघींना आळीपाळीनं बघत होती. मग तिनं आतून खाट ओढून आणली, अंगणात टाकली, आणि म्हणाली, "दोघीबी बसा. आधी माह्यं आयकून घ्या."